जॉन्स हॉपकिन्सचं टर्ब्युलन्स भांडार: फुकट, आणि तरी पाचपैकी चार तारे

टर्ब्युलन्सचं, म्हणजे भोवऱ्याभोवऱ्यांनी खळबळणाऱ्या प्रवाहाचं, संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्या माणसाचं आयुष्य कशात जातं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन: रांगेत उभं राहण्यात आणि डिस्क रिकामी करण्यात. माझी पीएचडी ६४ × ६४ × ६४ च्या जाळीवर झाली, म्हणजे अडीच लाखांच्या थोडे वर बिंदू. संगणन केंद्राचं नाव कशाला घेऊ, पण तिथे जॉब रांगेत लावायचा आणि चालला की ठरावीक क्षणांचीच चित्रं जपायची, कारण डिस्कवरच्या जागेचा कोटा संपलेला असायचा. मधले सगळे क्षण पुसून टाकायचे. मग सहा महिन्यांनी गाइड आलेख बघून विचारणार, "हा एवढा जोरकस भोवरा आला कुठून?" आता काय सांगणार, ज्या क्षणांत तो तयार झाला ते आम्हीच पुसलेले.

त्यामुळे कुठल्याही डेटासेवेला माझा पहिला प्रश्न एकच असतो: नंतर सुचलेला प्रश्न हिला विचारता येतो का? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या टर्ब्युलन्स डेटाबेसला विचारता येतो. म्हणून हे एवढं लिहितेय.

चार्ल्स मेनेव्हो, ग्रेगरी आयिंक, रँडल बर्न्स आणि अलेक्झांडर सालाय ही यामागची मूळ मंडळी. यातले सालाय हे स्लोन आकाश सर्वेक्षणाचा डेटा सगळ्यांना खुला करणाऱ्यांपैकी एक, आणि ते इथे दिसतं. आकाशाचा तुकडा मागवावा तसा इथे प्रवाहाचा तुकडा मागवायचा. २००८ पासून हे खुलं आहे. तुम्ही x, y, z आणि वेळ पाठवायची, तिकडून त्या जागी त्या क्षणी असलेला वेग येतो. दाब, वेगाचे ग्रेडियंट (जागा बदलली की वेग किती बदलतो ते) हेही मिळतात. जाळीच्या दोन बिंदूंमधली जागा मागितली तर इंटरपोलेशन, म्हणजे आसपासच्या बिंदूंवरून मधला आकडा काढणं, तिकडेच होतं. पायथॉन किंवा मॅटलॅबमधून चार ओळींत काम होतं. फाइल उतरवायची गरज नाही, आणि ते बरंच आहे. सगळ्यात जुना संच १०२४ × १०२४ × १०२४ चा, म्हणजे सुमारे १०७ कोटी बिंदू. प्रत्येक बिंदूला वेगाचे तीन आकडे आणि दाबाचा एक, प्रत्येकी ४ बाइट. एका क्षणाचेच १७ जीबी होतात, आणि क्षण आहेत पाच हजारांवर. माझा लॅपटॉप दुसऱ्या क्षणालाच कोलमडला असता.

हे आकडे किती मोठे, ते इतिहास पाहिला की कळतं. ओर्झॅग आणि पॅटर्सन यांनी १९७२ मध्ये केलेलं पहिलं असं सिम्युलेशन ३२ × ३२ × ३२ चं होतं. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह किती खळबळता आहे त्याचं माप, दुप्पट करायचा तर जाळीचे बिंदू जवळपास पाचपट लागतात आणि एकूण हिशोब आठपट होतो. म्हणूनच या विषयातली कारकीर्द फार काळ मशीन कुणाच्या हातात आहे यावरच ठरत आली. जपानच्या अर्थ सिम्युलेटरवर २००२ मध्ये ४०९६ ची जाळी चालली, तेव्हा आम्ही ती बातमी वाचून उसासे टाकले होते.

आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या दोन मुलींना मी यावर कोल्मोगोरोव्हचा १९४१ चा ४/५ नियम तपासायला दिला. r अंतरावरच्या दोन बिंदूंमधल्या वेगातला फरक त्या अंतराच्या दिशेने घ्यायचा, त्याच्या घनाची सरासरी काढायची. ती उणे ४/५ गुणिले ऊर्जाक्षयाचा दर (प्रवाहाची ऊर्जा उष्णतेत विरण्याचा वेग) गुणिले r इतकी यायला हवी. टर्ब्युलन्समध्ये असे नेमके नियम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. डेटा मागवायला टोकन, म्हणजे परवान्याचा सांकेतिक शब्द, लागतो. चाचणीच्या टोकनवर एका विनंतीत ४०९६ बिंदूंचीच मर्यादा असते, आणि घनाच्या सरासरीत अधिक-उणे इतकं कटतं की तेवढ्यात नुसता गोंधळ दिसतो. स्वतःचं टोकन मागवलं (तेही फुकट) आणि मग आलेख सरळ व्हायला लागला. सरासरीचं चिन्ह उलटून तिला ऊर्जाक्षयाच्या दराने आणि r ने भागलं, की तो ०.८ च्या जवळ जातो, पण पठार, म्हणजे आलेखाचा सपाट भाग, अरुंद. मुलींना वाटलं आपलं चुकलं. चुकलं नव्हतं. इथला टेलर रेनॉल्ड्स अंक (टर्ब्युलन्समधल्या टेलर नावाच्या लांबीवरून काढलेला) ४०० च्या थोडा वर आहे, आणि एवढ्यावर पठार अरुंदच असतं. ज्यांनी जन्मात सुपरकॉम्प्युटर पाहिला नाही, त्यांना हे स्वतःच्या आकड्यांतून दिसलं, याचंच मला अप्रूप.

आणि माझ्या गाइडचा तो प्रश्न! भोवऱ्यातला एक कण धरायचा आणि काळात मागे न्यायचा. इथे क्षण जपलेले असल्याने तेही जमतं. आयिंक आणि सहकाऱ्यांनी याच भांडारातल्या, चुंबकीय क्षेत्र असलेल्या वीजवाहक द्रवाच्या संचावर असं मागे जाऊन दाखवलं, की टर्ब्युलन्समध्ये चुंबकीय रेषा प्रवाहाला चिकटून राहतात ही पाठ्यपुस्तकी समजूत टिकत नाही. ते काम २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.

आता कापलेला तारा. जुन्या संचात जाळीचं अंतर सगळ्यात बारीक भोवऱ्याच्या मापाच्या, म्हणजे कोल्मोगोरोव्ह लांबीच्या, साधारण दुप्पट आहे. सरासऱ्यांना ते चालतं. पण ऊर्जाक्षयाचे दुर्मिळ, टोकाचे झटके अभ्यासायचे असतील तर नाही चालत, आणि नेमके तेच हल्ली सगळ्यांना हवे असतात. मोठे भोवरे या संचात जेमतेम पाच वेळा उलटतात, त्यामुळे मोठ्या मापांची सांख्यिकी तुटपुंजी. ४०९६ च्या जाळीचे संचही आहेत, पण त्यांत मोजकेच क्षण ठेवलेत, म्हणजे कण मागे नेण्याची मजा तिथे संपली. भिंतीजवळचा प्रवाह हवा असेल तर २०४८ × ५१२ × १५३६ चा चॅनेल, म्हणजे दोन समांतर भिंतींमधला प्रवाह, घ्या. माझ्या मते भांडारातला सगळ्यात उपयोगी संच तो.

आमच्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, हे म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. थोडं खरं आहे. टाइमस्टेप मोठा घेतला की उत्तर कसं उडतं, एलियासिंगने (जाळीत न मावणारे बारीक तरंग मोठे भासल्याने) ऊर्जा कुठून कुठे घुसते, हे दुसऱ्याच्या डेटावर शिकता येत नाही. म्हणून मी आधी बर्गर्स समीकरणाचा (प्रवाहाच्या समीकरणाच्या सोप्या रूपाचा) कोड हाताने लिहायला लावते, आणि टोकन त्यानंतर. पण ज्येष्ठांना एक विचारावंसं वाटतं: स्वतः दळलेलं पीठ तुम्ही किती जणांना वाटलंत?

नवख्यांनी पहिल्या दिवशी एवढं करा. काही हजार बिंदूंवर वेगाचे ग्रेडियंट मागवा, प्रत्येक बिंदूला ३ × ३ चा तक्ता येतो, त्याच्या कर्णावरच्या तीन आकड्यांची बेरीज करा. द्रव दाबला न जाणारा आहे, तेव्हा ती शून्य हवी. येत नाही, कारण डेरिव्हेटिव्ह इंटरपोलेशनसारखेच आसपासच्या बिंदूंवरून काढलेले असतात. चौथ्या ऑर्डरवरून आठव्यावर, म्हणजे जास्त शेजारी बिंदू धरणाऱ्या पद्धतीवर, जा, बेरीज लहान होते. ती किती उरते ते वहीत लिहून ठेवा. पुढे कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते त्यावरूनच ठरवायचंय.