एडीएचडी असलेलं मूल: शाळा की घरी शिक्षण?

माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि सतत चुळबुळ चालते. शाळेत 50 मुलांचा वर्ग होता आणि डायरीत रोज लाल शेरा, ‘एका जागी बसत नाही.’ आता घरी आम्ही 15 मिनिटं गणित, मग दोरीवरच्या उड्या, मग पुन्हा गणित असं चालवतो. पाढे तर तो झोक्यावरच पाठ करतो. शाळेच्या वेळी रोज पोटात दुखायचं, ते थांबलं. माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं.

मित्र मात्र शाळेत आपोआप मिळतात, घरी मुद्दाम जमवावे लागतात. संध्याकाळचं मैदान आम्ही कधीच चुकवत नाही.

दहावीचं म्हणाल, तर 14 वर्षं पूर्ण झाल्यावर एनआयओएसमध्ये (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, शाळेत न जाता परीक्षा देता येणारं सरकारी मंडळ) नाव घालता येतं आणि विषय 5 वर्षांत थोडे थोडे करून देता येतात.

वर्गशिक्षक समजून घेणारे असतील, तर शाळा सोडू नका.