प्रकल्प-अनुदान की मुक्त निधी? पश्चिम केनियातील एका बालसंस्थेच्या हिशेबांवरून

केनिया, युगांडा किंवा टांझानियात राहणाऱ्या आणि तिथल्या एखाद्या बालसंस्थेच्या समितीवर काम करणाऱ्या मराठी मंडळींपुढे एक प्रश्न आज ना उद्या येतोच. मोठ्या परदेशी कार्यक्रमाचे, मध्यस्थ संस्थेमार्फत झिरपत येणारे प्रकल्प-अनुदान स्वीकारावे, की एखाद्या खासगी फाउंडेशनचा रकमेने लहान, पण खर्चाचा निर्णय संस्थेवर सोडणारा मुक्त निधी स्वीकारावा? सियाया काउंटीतील एका सामुदायिक संस्थेचे हिशेब मी पाहतो. एड्समुळे आई, वडील किंवा दोघेही गमावलेली आणि आजीच्या आधाराने वाढणारी मुले तिथे आमच्याकडे येतात. दोन्ही प्रकारचा पैसा आम्ही वापरला आहे. आमचा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, मात्र प्रत्येक संस्थेची परिस्थिती निराळी असते हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

प्रकल्प-अनुदानाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या पेपफार या एचआयव्ही-विरोधी कार्यक्रमात अनाथ आणि असुरक्षित मुलांसाठी निधीचा दहा टक्के हिस्सा कायद्यानेच राखून ठेवला गेला, आणि सियाया, होमा बे, किसुमू या भागांतील हजारो घरांपर्यंत मदत पोहोचली ती मुख्यतः याच वाटेने. आमच्या संस्थेला त्या पैशाने काम करण्याची शिस्त लावली. प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाइल, घरभेटीची नोंद, औषधे घेणाऱ्या मुलाच्या रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाची तपासणी वेळेवर झाली की नाही याची दवाखान्याशी पडताळणी, या गोष्टी आमच्या अंगवळणी पडल्या त्या अनुदानाच्या अटींमुळे. मुक्त निधी देणाऱ्या कोणीही आमच्याकडून एवढे काटेकोर काम करून घेतले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय रक्कम मोठी असल्याने कार्यकर्त्यांना नियमित मानधन देता येत होते.

तरीही एका अडचणीने आमचा निर्णय ठरवला, आणि ती पैशाच्या रकमेची नसून पैसे हातात पडण्याच्या वेळेची होती. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. नव्या वर्षाचा करार व्हायचा, अंदाजपत्रक मंजूर व्हायचे, मागच्या वर्षाचा खर्च-अहवाल मध्यस्थ संस्थेकडून तपासून यायचा, त्यात एखादी पावती अस्पष्ट निघाली तर ती परत यायची, आणि या सगळ्यानंतर पहिला हप्ता सुटायचा. आमच्या अनुभवात तो फेब्रुवारीचा मध्य उलटल्याखेरीज क्वचितच आला. केनियातील शाळा मात्र जानेवारीत उघडतात. त्यातच राष्ट्रीय दर्जाच्या निवासी माध्यमिक शाळेची सरकारने ठरवलेली वार्षिक फी ५३,५५४ शिलिंग असून ती तीन सत्रांत ५०, ३० आणि २० टक्के अशी विभागलेली असते, म्हणजे एका मुलीमागे २६,७७७ शिलिंग पहिल्याच सत्राला लागतात. वर्षातला सर्वांत मोठा खर्च आणि वर्षातला सर्वांत रिकामा गल्ला नेमके एकाच महिन्यात येतात.

याचा अर्थ काय होतो ते शाळेच्या फाटकाशी उभे राहिल्यावर कळते. मुलीबरोबर पत्र्याची पेटी असते, गुंडाळलेली गादी असते, साबणापासून वह्यांपर्यंत यादीप्रमाणे घेतलेले सामान असते, आणि शेजारी ते सगळे मटाटूच्या, म्हणजे खासगी प्रवासी मिनीबसच्या, टपावर बांधून आणणारी आजी असते. आतल्या लेखनिकाच्या टेबलावरील यादीत तिच्या नावापुढे जमेचा आकडा नसतो. फीसाठी मुलांना घरी पाठवू नये असे शिक्षण मंत्रालयाने अनेकदा बजावले आहे, पण धान्य आणि सरपण उधारीवर घेणाऱ्या मुख्याध्यापकालाही फार पर्याय उरलेला नसतो. मुलगी परत जाते, दोन-चार आठवडे घरी राहते, धाकट्या भावंडांना सांभाळते, मक्याच्या शेतात राबते. हप्ता आल्यावर आम्ही फी भरतो आणि अहवालात ती ‘फी भरलेली विद्यार्थिनी’ म्हणून मोजली जाते. त्या मधल्या आठवड्यांसाठी अहवालात रकाना नाही. सगळ्याच मुली परत येतात असेही नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलीसाठी रिकामे आठवडे किती धोक्याचे असतात हे या भागात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मुक्त निधीत हा पेच सुटला. वर्षाची रक्कम एकाच वेळी आली, तिच्यातला एक भाग आम्ही ठराव करून जानेवारीसाठी बाजूला ठेवला, आणि शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने शाळेच्या पेबिल क्रमांकावर, म्हणजे रक्कम स्वीकारण्याच्या तिच्या खाते-क्रमांकावर, फी जमा झाली. दुसरा फायदा आम्हाला विनिमय दराने दाखवला. जानेवारी २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग मिळत होते, वर्षाच्या मध्याला ते १३० च्या आसपास आले. डॉलरमध्ये ठरलेल्या अनुदानाचा जवळजवळ पाचवा हिस्सा असा विरघळला, तेव्हा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक असूनही ते फीकडे वळवायला लेखी परवानगी लागत होती, आणि मुक्त निधीतून मात्र समितीने एका बैठकीत प्रवासखर्च कापून मुलांचा खर्च वाचवला.

या प्रकारच्या देणगीदारांमध्ये १९९९ पासून काम करणारे कॅलिफोर्नियातील फायरलाइट फाउंडेशन आणि २००३ मध्ये कॅनडात स्थापन झालेले स्टीफन लुईस फाउंडेशन ही नावे जाणकारांना परिचित आहेत. दुसरे फाउंडेशन नातवंडे वाढवणाऱ्या आज्यांच्या पाठीशी ठळकपणे उभे राहिले, म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आदर आहे. अर्थात या वाटेवर खाचखळगे आहेत. बऱ्याच फाउंडेशन्सकडे परस्पर अर्ज करता येत नाही, कोणा विश्वासू संस्थेने नाव सुचवावे लागते, त्यामुळे ओळख जुळेपर्यंत दिवस जातात. रक्कम लहान असते. आणि अटी नसल्यामुळे शिस्त स्वतःच पाळावी लागते. जिथे अध्यक्ष आणि खजिनदार एकाच घरातले आहेत, तिथे मुक्त निधी घेण्याआधी समिती सुधारावी असे मी नम्रपणे सुचवीन.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली आणि त्याच वर्षी १ जुलैला यूएसएड ही परदेशी मदत पुरवणारी अमेरिकी सरकारी संस्था स्वतंत्रपणे अस्तित्वात राहिली नाही. त्यामुळे मोठे अनुदान म्हणजे सुरक्षित अनुदान हा जुना समज आता टिकण्यासारखा नाही. पण एवढ्यावरून प्रकल्प-अनुदान सोडून द्यावे असेही मी म्हणणार नाही. दवाखान्याशी जोडलेले काम, मोठ्या संख्येने करायच्या तपासण्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे जाळे यांसाठी त्याला आजही तोड नाही, आणि ज्या संस्थेकडे किमान एका सत्राच्या फीइतकी गंगाजळी आहे ती उशिरा येणारा हप्ता सोसू शकते.

ज्या संस्थेचे मुख्य काम मुलांना शाळेत टिकवणे हे आहे आणि जिच्या बँकखात्यात डिसेंबरअखेर फारसे काही उरत नाही, तिने मात्र रक्कम निम्मी असली तरी मुक्त निधीला आधी होकार द्यावा, असे माझे मत बनले आहे. प्रकल्प-अनुदान घ्यायचेच झाले तर सही करण्यापूर्वी मध्यस्थ संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: पहिल्या सत्राची फी डिसेंबरमध्ये आगाऊ मिळेल का, आणि एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात किती टक्के रक्कम परवानगीशिवाय वळवता येईल. आम्ही पहिल्या मागणीचा आग्रह धरल्यावर एका मध्यस्थ संस्थेने, थोड्या घासाघिशीनंतर का होईना, ती मान्य केली होती.