१४ कार्डं, ९ महिने आणि एक कात्री

गड्ड्याची, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी ओसरली त्या आठवड्यात मी आमच्या फाशांच्या गोष्टीच्या खेळासाठी शस्त्रांची १४ कार्डं छापून आणली. परवा खंडेनवमी झाली. मधल्या ९ महिन्यांत, एक रविवार आड, १७ सेशन झाली. १४ पैकी ५ कार्डं अजून टेबलावर आहेत, ६ मी स्वतःच काढून घेतली, २ पुन्हा लिहिली आणि १ फाटलं. फाटलं ते सगळ्यात चांगलं होतं.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी: एकजण गोष्ट चालवतो (तो मी, डीएम म्हणजे डंजन मास्टर), बाकीचे पात्रं होतात, आणि घाव लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो. तिचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे झाले, म्हणजे खिशाला भार नाही. त्यावर जगभरच्या पुराणांतली शस्त्रं बसवायची, एवढाच माझा उद्योग. जागा जुळे सोलापुरातली आमची गच्चीवरची खोली. एप्रिल-मेमध्ये तिथं दिवसा फासासुद्धा चटका देतो, म्हणून दोन महिने रात्री नऊनंतर खेळलो.

पहिली चूक गुंगनिरची. ओडिनचा भाला, कधी हुकत नाही, असं नॉर्स कथा सांगतात. मी कार्डावर तसंच लिहून टाकलं: 'हुकत नाही'. वर +३ (फाशावर आलेल्या आकड्यात ३ जमा) दिला, कारण नियमांत जादूच्या शस्त्राला त्याहून जास्त मिळत नाही आणि मला वाटलं, देवाचा भाला आहे, द्या. दोन सेशनमध्ये खेळाचा पार भुगा झाला. पाचव्या आवृत्तीत चिलखताचा आकडा (घाव लागायला फाशानं गाठायचा तो) मुद्दामच फार वर चढू दिलेला नाही. तिथं +३ हाच डोंगर असतो. पण खरी गंमत पुढं झाली. ज्याच्याकडं भाला होता तोच तिसऱ्या सेशनला मोबाईल बघत बसला. फासा टाकायचाच नाही तर तो आलाय कशाला? कार्ड परत घेतलं तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नाही. ओडिनचं तरी काय झालं? हाच भाला घेऊन तो फेनरिर लांडग्यावर धावला, आणि लांडग्यानं त्याला गिळलं.

मग शक्तीचं कार्ड. कवचकुंडलं देऊन कर्णानं इंद्राकडून घेतलेली वासवी शक्ती. त्यावर एवढंच होतं:

'लागतेच. फासा टाकायचा नाही. ज्याच्यावर टाकली तो मेला. एकदाच. टाकल्यावर हे कार्ड फाडा.'

बघा, 'लागतेच' इथंही आहे. गुंगनिरनं जे बिघडवलं तेच इथं पाच महिने टेबलावर फण्यासारखं उभं राहिलं. कार्ड होतं आमच्या चादरीच्या दुकानवाल्या मित्राकडं. तो धंदेवाला माणूस, माल कधी काढायचा आणि कधी दाबून ठेवायचा ते त्याला कळतं. कॅम्पेनच्या, म्हणजे आमच्या सलग चाललेल्या गोष्टीच्या, मुख्य खलनायकासाठी त्यानं ते राखून ठेवलं होतं. अर्जुनासाठी कर्णानं ठेवलं तसं. फासे पडायचे, लोक मरायला टेकायचे, हा कार्डावर हात ठेवून गप्प.

मी कृष्णानं केलं तेच केलं. बाराव्या सेशनला, रात्रीच्या लढाईत, एक राक्षस सोडला जो अंधारात वाढतच जातो. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कच कौरवांवर सोडला होता, हे टेबलावरच्या प्रत्येकानं शाळेपासून ऐकलेलं. तरीही कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिघं शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे मरायच्या दारात. अशोक चौकातला मित्र, ज्याच्या घरी तेलुगू बोलतात, तो चिडला की तेलुगूत सुरू होतो. त्या रात्री तो पूर्ण तेलुगूत होता. 'टाक बे, टाक! मेल्यावर वापरणार का?' कौरवही कर्णाला हेच ओरडून सांगत होते. दुकानवाल्यानं माझ्याकडं बघितलं, राक्षसाच्या मिनिएचरकडं बघितलं, आणि कार्ड उचललं.

आणि ते फाटेना. मी हौसेनं सगळा संच लॅमिनेट करून आणला होता. दोन्ही हातांनी ओढलं, दातानं धरलं, नाही. शेवटी खाली आईकडून कात्री मागवली. आई कात्री घेऊन स्वतःच वर आली, 'काय कापताय रे एवढ्या रात्री?' एवढ्या भारी प्रसंगात पाच माणसं कात्रीची वाट बघत बसली होती. पण कापल्यावर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. राक्षस मेला, कुणी आनंदानं ओरडलं नाही. घटोत्कच पडल्यावर पांडव रडत असताना कृष्ण नाचला होता. मी तोंडावर नियमांचं पुस्तक धरलं.

गांडीवाची गोष्ट वेगळीच फसली. कर्णपर्वात युधिष्ठिर चिडून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्याला दे. आणि असं म्हणणाऱ्याला मारायचं ही अर्जुनाची प्रतिज्ञा. मी ती कार्डावर घातली: कुणी असं म्हटलं की शहाणपणाचा सेव्ह (स्वतःला आवरायचा फासा), हुकला तर म्हणणाऱ्यावर बाण. झालं, पुढची तीन सेशनं सगळे मुद्दाम तेच म्हणत होते. मग कृष्णाची पळवाट जोडली: वडीलधाऱ्याला 'तू' म्हणणं म्हणजेच त्याचा वध, तेवढं केलं की प्रतिज्ञा पुरी. पण हे सोलापूर आहे. इथं मित्राला 'काय बे' म्हणून हाक मारतात, 'तू' नं कुणाचं काय बिघडणार? उलटा नियम करावा लागला: बाण मारायचा नसेल तर समोरच्याला पूर्ण सेशन 'अहो, तुम्ही' म्हणायचं. हे इतकं झोंबलं की गांडीवाचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. हे कार्ड मी टेबलावर ठेवलंय.

वजनाचा प्रश्न आला सुन वुकोंगच्या दांड्यावरून. चिनी कथेतला माकडराजा, हनुमंताचा चुलतभाऊच तो. त्याचा दांडा १३,५०० जिनांचा (जिन हे चिनी वजनाचं माप), आणि हवा तेव्हा सुईएवढा करून कानात ठेवायचा. मी साहजिकच ताकदीची अट घातली. आमच्यातला एकजण दरवर्षी नंदीध्वजाच्या, म्हणजे गड्ड्याच्या मिरवणुकीतल्या उंच काठीच्या, सरावाला जातो. तो म्हणाला, 'ताकदीनं कोण पेलतंय बे? तोल गेला की पैलवान पण आडवा.' नंदीध्वज बघितलेल्याला हे पटतं: काठी एकाच्या अंगावर दिसते, पण भोवती सांभाळणारे असतात आणि सराव आधीपासून चाललेला असतो. ताकदीची अट काढली. आता दांडा वाढवायचा तर चपळाईचा फासा, आणि शेजारी उभा असलेला सोबती मदत करू शकतो. दोन ओळींचा बदल, पण दांडा तेव्हापासून दर सेशनला बाहेर निघतो.

सोबत्याच्या मदतीचं हेच आयर्लंडच्या गे बुल्ग भाल्यात आधीपासून होतं, मी फक्त वाचलं नव्हतं. कु खुलिन या वीराचा तो भाला पायाच्या बोटांत धरून फेकायचा, आणि फर्दिया या योद्ध्याशी लढताना सारथ्यानं तो पाण्यातून सोडल्यावरच त्याच्या हाती, म्हणजे पायाशी, आला. आत गेला की काटे उघडतात, मांस कापल्याशिवाय निघत नाही. पहिल्या कार्डावर मी फक्त काटे आणि भरमसाट नुकसान लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला लिहिलं: पाण्यात उभं राहा, सोबत्यानं आपली पूर्ण पाळी खर्चून भाला तुमच्याकडं सोडायचा, मग टाका. आता आमची टोळी ओढा दिसला की थांबते. ओसाड मैदानात लढाई मांडली की माझ्यावर पक्षपाताचा आरोप होतो.

नारायणास्त्र मी शत्रूच्या हातात दिलं, आणि तिथंच ते शोभतं. शस्त्र खाली ठेवणाऱ्याला ते काही करत नाही, उचलणाऱ्यावर वाढत जातं. चौघांनी ठेवलं. बार्बेरियन (रानटी योद्ध्याचं पात्र) अडला, भीमासारखाच: 'म्या नाय ठेवणार.' शेवटी चौघांनी त्याच्याशी कुस्तीचे फासे टाकून कुऱ्हाड हिसकावली. शत्रूला एकही घाव न घालता झालेली ती आमची सगळ्यात अवघड लढाई.

बाकीचं भराभर. आर्थर राजाची एक्सकॅलिबर तलवार कुणाला नको, तिचं म्यान सगळ्यांना हवं. आर्थरचा जादूगार मर्लिनही तेच सांगतो, म्यान बाळगणाऱ्याचं रक्त वाहत नाही. थॉरच्या म्योल्निर हातोड्यासाठी नियमांतल्या गडगडाटी हातोड्यासारखाच पट्टा आणि हातमोज्यांची अट ठेवली. पण नियमांप्रमाणे एकाच वेळी तीनच जादूच्या वस्तू 'सिद्ध' करता येतात (अट्यूनमेंटला, म्हणजे वस्तू स्वतःशी जोडून घेण्याला, आम्ही हाच शब्द घेतला, सिद्धरामेश्वरांच्या गावात दुसरा सुचणार नव्हता). त्यामुळे हातोड्याच्या मागं लागलेल्याचं अर्धं सामान पडून राहिलं आणि शेवटी त्यानंच तो परत केला.

सुदर्शनचं कार्ड केलं नाही. एका मित्राच्या घरी पटलं नसतं, आणि मलाही ते फाशावर हुकलेलं बघायचं नव्हतं. पण मग जपानच्या कुसानागीचं काय? ती तलवारही नागोयाच्या आत्सुता देवळात आहे असं मानतात, तिथं रोज लोक हात जोडतात. आपला देव तेवढा नाजूक आणि त्यांचा चालतो? तेही काढून घेतलं. यावर आमच्यात अजून वाद आहे.

कुणी हे करणार असेल तर आकडे शेवटी लिहा. आधी कथेत ते शस्त्र मालकाकडून काय मागतं ते शोधा. बहुतेक वेळा तिथंच नियम तयार असतो. आणि लॅमिनेशन नको. दुसरा संच मी साध्या जाड कागदावर काढला. खंडेनवमीला दुकानवाल्या मित्रानं तो मापाची पट्टी, कात्री आणि फाशांबरोबर पाटावर मांडला, आणि वैनींनी सगळ्याला सारखंच हळदकुंकू लावलं. टायरफिंगवर, म्हणजे म्यानाबाहेर काढली की जीव घेतल्याशिवाय आत न जाणाऱ्या तलवारीवर, कुंकवाचं बोट नेमकं पात्यावर उमटलंय. चार महिने ती कुणी उपसलेली नाही.