जुना लॅपटॉप: एसएसडी बसवावी, की पैसे नव्यासाठी ठेवावेत?

राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, इंदुरातल्या मराठी घरांमधून एक प्रश्न सारखा येतो. लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झालाय, चालू व्हायला पाच मिनिटं घेतो, एक फाइल उघडायची तर ताटकळत बसावं लागतं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवून घेऊ की नवाच घेऊ? माझं उत्तर बहुतेक वेळा "एसएसडी बसवा" असंच असतं, आणि तीही साधी, साटा जोडणीची, म्हणजे जुनी हार्ड डिस्क ज्या जोडणीवर बसते तिचीच. पण काही लॅपटॉप असे असतात की त्यांच्यावर आता रुपयाही घालू नये. आपला लॅपटॉप कुठल्या गटात बसतो, हे दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच कळू शकतं.

त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. लॅपटॉप नुकताच चालू केलेला असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला आणि सीपीयू मात्र १५-२० टक्क्यांवर, असं दिसलं तर दुखणं सापडलं. प्रोसेसर रिकामा आहे, डिस्क त्याला पुरी पडत नाहीये. अशा लॅपटॉपला एसएसडी बसवली की फरक पहिल्याच दिवशी कळतो. उलट सीपीयूच १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडीने फार काही साधणार नाही. आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर जरा थांबा. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, त्यामुळे डिस्कही गुंतलेली दिसते. मग दोन्ही बदलावं लागतं.

हार्ड डिस्क, साटा आणि एनव्हीएमई

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा. असा हिशेब केला तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे ही डिस्क सेकंदाला साठच्या आसपास वाचू शकते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली मागतं, आणि तिथेच आपली पाच मिनिटं जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिला असा तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात सापडतो.

आता खोक्यावरचे आकडे. हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, साटा एसएसडीचा ५५०, आणि एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा नव्या आणि वेगवान जोडणीच्या, तिसऱ्या पिढीतल्या चांगल्या एसएसडीचा ३५००. दुकानदार म्हणतो, "भैया, ये छह गुना तेज़ है." एकच मोठी फाइल, समजा लग्नाचा व्हिडिओ, इकडून तिकडे न्यायचा असेल तर त्याचं म्हणणं खरं आहे. पण विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, हिशेबाच्या टॅलीत कंपनी उघडणं ही सगळी बारीक तुकड्यांची कामं. ४ केबीचे विखुरलेले तुकडे एकेक करून वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला पाव ते अर्धा एमबी देते, साटा एसएसडी ३० ते ४०, आणि एनव्हीएमई ५० ते ७०. म्हणजे हार्ड डिस्कवरून साटावर आलात तर निदान साठ-सत्तर पट फायदा, आणि साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर जेमतेम दुप्पट. पहिली उडी डोळ्यांना दिसते. दुसरी दिसायला व्हिडिओ एडिटिंगसारखं काम लागतं.

म्हणून जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत "सगळ्यात वेगवान कुठली" हे विचारण्यात अर्थ नाही, "माझ्यात बसते कुठली" हे विचारा. अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच जोडणीवर बसते. २०१० च्या आसपासच्या लॅपटॉपमध्ये साटाची दुसरी पिढी असते, तिथे वेग २८० एमबीच्या पुढे जात नाही. तरी एसएसडी घालावी, कारण बारीक तुकड्यांच्या कामात या मर्यादेची अडचण होत नाही.

२०१७ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर एम-डॉट-टू नावाची चपटी खाच असते, आणि फसगत होते ती इथेच. एकाच आकाराच्या खाचेत काही लॅपटॉप फक्त साटा प्रकारची एम-डॉट-टू एसएसडी घेतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. एनव्हीएमई पट्टीला टोकाशी सहसा एक फट असते, साटावालीला दोन; पण दोन फटींच्या पट्ट्यांत क्वचित एनव्हीएमईही निघते, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, काही लॅपटॉपमध्ये २२४२ एवढीच जागा असते. लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल नंबर असतो, तो घालून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. त्यात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं.

एक टीबीची हार्ड डिस्क आणि शेजारी एम-डॉट-टूची खाच रिकामी, अशी जोडी तुमच्या लॅपटॉपमध्ये निघाली तर तुमचं भाग्य. खाचेत २५० किंवा ५०० जीबीची एसएसडी घालून तिच्यावर विंडोज टाका, आणि हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी तशीच राहू द्या. सगळ्या पर्यायांत मला हा सर्वांत आवडतो. वेगही मिळतो आणि एक टीबी जागाही जात नाही.

२५० की ५००, स्वस्त की नामांकित

विंडोज आणि त्याची अपडेट्स मिळून ४०-५० जीबी सहज खातात, आणि एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. फक्त इंटरनेट आणि वर्डचं काम असेल तर २५० जीबी चालते. घरात एकच लॅपटॉप आणि तो सगळेच वापरणार, तर ५०० घ्या.

"एसएसडी लिहून लिहून झिजते ना?" झिजते, पण आकडे बघा. सॅमसंगच्या ८७० ईव्होच्या ५०० जीबी मॉडेलची हमी ३०० टीबी लिहिण्याची आणि ५ वर्षांची. क्रुशलच्या बीएक्स५०० या स्वस्त मालिकेत ४८० जीबीला १२० टीबी आणि ३ वर्षं. रोज २० जीबी लिहिलं, आणि घरगुती वापरात तेवढं होतही नाही, तरी १२० टीबी संपायला सोळा वर्षं लागतील. तोवर लॅपटॉपच राहणार नाही. महाग आणि स्वस्त यातला खरा फरक दुसरीकडे आहे. स्वस्त साटा एसएसडीत सहसा स्वतःची डीरॅम, म्हणजे आतली छोटी वेगवान मेमरी, नसते, आणि एकदम बरंच काही लिहायला घेतलं की तिचा वेग मधेच पडतो. ऑफिसचं आणि शाळेचं काम असेल तर याची झळ लागणार नाही. रोज मोठे फोटो आणि व्हिडिओ हाताळत असाल तर डीरॅमवाली घ्या.

अनोळखी नावाची, अर्ध्या किमतीची एसएसडी मात्र घेऊ नका. अशा काही डब्यांच्या आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघालेलं आहे, आणि खोक्यावर छापलेली क्षमता आत नसते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढल्यामुळे स्वस्ताचा मोह वाढलाय. सिल्व्हर मॉलमधून घ्या, जेल रोडवरून घ्या की ऑनलाइन मागवा, पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्याच नंबरावर चालते.

उन्हाळ्याचंही सांगतो. मे महिन्यात इंदूर चाळिशीच्या वर जातं. एनव्हीएमई एसएसडी फार तापली की स्वतःच वेग कमी करते, आणि जुन्या लॅपटॉपमधल्या धुळीने भरलेल्या पंख्याजवळ ती लवकर तापते. साटा एसएसडीला हा त्रास जवळजवळ नाही. लॅपटॉप उघडलाच आहे तर पंखा साफ करून घ्या.

क्लोन करावं की नव्याने विंडोज टाकावं

नव्याने विंडोज टाकलं तर लॅपटॉप स्वच्छ होतो; वर्षानुवर्षं साठलेला कचरा मागे राहतो. त्यासाठी वेगळं लायसन्स सहसा लागत नाही: विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी इंटरनेटला जोडल्यावर ते आपोआप लागू होतं. दुकानात विंडोजचे वेगळे पैसे सांगितले तर हे आधी विचारा.

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. माझा कल एरवी नव्याने टाकण्याकडे असतो, पण एका बाबतीत मी क्लोनच करायला सांगतो. आपल्याकडे मंडळाच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, अहवाल जुळवणारे काका-काकू आहेत. त्यांच्याकडे मराठी टायपिंगच्या श्रीलिपीची जुनी आवृत्ती असते, सीडी कधीच हरवलेली असते, आणि पंधरा वर्षांच्या फाइली त्याच फॉन्टमध्ये असतात. नवं विंडोज टाकलं की फाइली राहतात, पण उघडल्यावर अक्षरांची रांगोळी दिसते. तिथे सगळं आहे तसं उचलून नेणंच बरं.

क्लोन करायचं असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'कॉशन' दिसलं, किंवा डिस्क टकटक आवाज करत असेल, तर क्लोनच्या फंदात पडू नका. आधी कामाच्या फाइली बाहेर काढा. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर आपलाच डेटा आपल्याला उघडता येणार नाही.

बसवण्याचं काम हाताने करता येतं, पण उतावीळपणा नको. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा. तळाच्या रबरी पट्टीखाली काही लॅपटॉपमध्ये स्क्रू लपलेले असतात. ते न काढता झाकण ओढलं की प्लॅस्टिकच्या कडा तुटतात. हार्ड डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. ती चौकट नव्या एसएसडीला लावायची असते, टाकून द्यायची नाही. हार्ड डिस्क ९.५ मिलिमीटर जाड आणि एसएसडी ७ मिलिमीटर असेल तर मधे पातळ फ्रेम घाला, म्हणजे ती हलणार नाही.

रॅमबद्दल थोडक्यात: ४ जीबी असेल तर एसएसडीबरोबरच ८ करा. डीडीआर३, डीडीआर३एल आणि डीडीआर४ हे वेगवेगळे प्रकार आहेत, तेव्हा जुनी पट्टी काढून सोबत घेऊन जा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती वाढत नाही.

कधी पैसे घालू नयेत

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट्सची वाढीव मुदत दिली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. इंटेलच्या लॅपटॉपवर विंडोज ११ ला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर जुने प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. प्रोसेसरच्या नावात आय५-८२५०यू असं काही असेल तर तो आठव्या पिढीचा. अशा लॅपटॉपला एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातलीत तर पुढची काही वर्षं काळजी नाही.

आय५-५२००यू असेल, म्हणजे पाचवी पिढी, तर वापर कसला ते बघा. मुलांचा अभ्यास, यूट्यूब, पत्रं टाइप करणं एवढंच असेल तर एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस आहे. पण टॅली विंडोजवरच चालतं, बँकेचं आणि जीएसटीचं काम अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करणं मला पटत नाही. व्यापाराच्या लॅपटॉपसाठी अशा वेळी एसएसडीवर खर्च न करता वापरलेला बिझनेस लॅपटॉप शोधा: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, आठव्या पिढीचा किंवा पुढचा. हे लॅपटॉप मजबूत असतात, उघडायला सोपे असतात, आणि बहुतेकांत एसएसडी आधीच असते. घेताना बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी ठेवून बघा. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात वजा करा.

तसंच बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर रेघा, चार्जिंगची पिन ढिली, यांतलं काही असेल तर आधी त्या दुरुस्तीचा अंदाज घ्या. तो आणि एसएसडी-रॅम मिळून रक्कम वापरलेल्या चांगल्या लॅपटॉपच्या निम्म्यावर गेली, तर मी जुन्यावर खर्च करणार नाही.

आणि बदल दुकानात करून घेतलात तर जुनी हार्ड डिस्क परत मागून घ्या. तिच्यात आधार, पॅन, बँकेचे कागद, घरचे फोटो सगळं तसंच असतं. यूएसबीच्या साध्या डब्यात घातली की ती बॅकअपला उपयोगी पडते. पण निदान महिनाभर तिच्यावरचं काही पुसू नका, नव्या एसएसडीवर एखादा फोल्डर आला नसेल तर तो तिथेच सापडेल.