गॅमा किरणं असलेल्या जागी कोणती फायबर ग्रेटिंग घ्यावी?

फायबर ग्रेटिंग म्हणजे काचेच्या तंतूच्या गाभ्यात लेझरने लिहिलेली सूक्ष्म पट्ट्यांची रचना; ब्रॅग ग्रेटिंग ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते आणि त्यावरून तापमान मोजता येतं. आधी एक आकडा हाताशी ठेवा. १५५० नॅनोमीटरच्या आसपास तापमान एका अंशाने वाढलं की ब्रॅग ग्रेटिंगची तरंगलांबी साधारण १० पिकोमीटर सरकते. गॅमा किरणांमुळे काचेत दोष तयार होतात, तिची घनता किंचित बदलते, आणि तापमान स्थिर असतानाही तरंगलांबी हलते. ती १०० पिकोमीटर हलली, तर सेन्सर चक्क १० अंशांची थाप मारतो.

ही थाप सर्वांत मोठी असते ती जर्मेनियमयुक्त फायबरमध्ये हायड्रोजन मुरवून अतिनील लेझरने लिहिलेल्या ग्रेटिंगमध्ये. अशी ग्रेटिंग लिहायला सोपी, म्हणून बाजारात सहज मिळते; गॅमा असलेल्या जागी मात्र मी ती टाळेन. हायड्रोजनविना लिहिलेली बरीच सौम्य वागते. तिचं सरकणं सुरुवातीला जलद असतं, मग मंदावतं. त्यामुळे आधीच किरणांचा डोस देऊन ती ‘मुरवून’ घेता येते. मात्र मारा थांबला की थोडी मागेही फिरते, हे हिशेबात धरावं.

शुद्ध सिलिका किंवा फ्लोरिनयुक्त गाभ्यात फेम्टोसेकंद (अतिशय अल्पकाळाच्या स्पंदांच्या) लेझरने लिहिलेली ग्रेटिंग सर्वांत टिकाऊ. लेझरची तीव्रता आणि नंतरची तापप्रक्रिया जमली, तर मेगाग्रे (दहा लाख ग्रे; ग्रे हे शोषलेल्या डोसचं एकक) पातळीलाही ती मोजकेच पिकोमीटर सरकते. ती महाग पडते, प्रकाशाचा क्षयही थोडा जास्त. पण वर्षानुवर्षं हात लावता येणार नाही अशा जागी दुसरा पर्याय मी सुचवणार नाही.

लाँग पीरियड ग्रेटिंगचा, म्हणजे पट्ट्या बऱ्याच दूर-दूर असलेल्या ग्रेटिंगचा, स्वभाव उलटा. बोरॉन-जर्मेनियम फायबरमध्ये ती गॅमाला इतकी संवेदनशील करता येते, की डोस मोजायलाच वापरावी. तापमानासाठी नको, वाकवली तरी ती हलते.

सिग्नल अंधुक होणं हा बहुतांशी ग्रेटिंगपर्यंतच्या लांब फायबरचा प्रश्न. मोजमाप तरंगलांबीत असल्याने थोडा अंधूकपणा चालतो, पण फॉस्फरसयुक्त फायबर तिथे नकोच. आवरणाकडेही बघा: ॲक्रिलेट किरणांनी बिघडून ग्रेटिंगवर ताण आणू शकतं, पॉलिइमाइड जास्त टिकतं. विक्रेत्याकडे चाचणीचे आकडे मागताना एकूण डोसबरोबर डोसचा दर आणि चाचणीवेळचं तापमानही विचारा. थंडीत दोष सहज भरून येत नाहीत, त्यामुळे गरम कक्षातला चांगला निकाल तुमच्या जागी लागू होईलच असं नाही.