माळ्यावरची हॉर्नेट की नव्या छापाची? फुफाट्यात पळवून बघितलेला फरक

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या नादाला वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा लागणाऱ्या माणसापुढचा पहिला पेच ठरलेला आहे. माळ्यावरच्या खोक्यातली जुनी बग्गी झाडूनपुसून रेसला उतरवायची, की तिचीच नव्याने निघालेली आवृत्ती घ्यायची? तामिया या जपानी कंपनीने आपली १९८४ सालची हॉर्नेट बग्गी २००४ मध्ये पुन्हा बाजारात आणली. पाठोपाठ २००५ मध्ये तिच्याच ग्रासहॉपर आणि फ्रॉग या बग्ग्या आल्या, २००७ मध्ये हॉटशॉट. त्यामुळे आज दोन्ही हॉर्नेट शेजारी ठेवून निवड करता येते. माझ्याकडे दोन्ही आहेत. जुनी मामांनी कुवेतहून आणलेली, नवी मी स्वतः जुळवलेली. दोन्ही जळगावच्या आसपासच्या वावरांत पळवल्या, तेव्हा पुढचं सगळं इथल्या मातीपुरतं धरा. गालिच्यावर किंवा सिमेंटवर पळवणाऱ्याचं मत वेगळं असू शकेल, आणि त्याचंही बरोबर असेल.

वेगाचं आधी उरकतो. तीच ५४० मापाची चंदेरी मोटर आणि तीच बॅटरी आलटून पालटून लावली तर मला तरी फरक जाणवला नाही. वळणातही दोघी सारख्याच. मागचा गिअरबॉक्स मोटरसकट एकगठ्ठा वरखाली होतो, त्यामुळे ढेकळांवर मागचा भाग पोळ्याला बिथरलेल्या गोऱ्ह्यासारखा उधळतो. लहानपणी तो उधळत होता, आजही उधळतो. ज्यांना तेव्हा त्याचीच मजा वाटायची त्यांनी काळजी करू नये, नव्या गाडीत ती जशीच्या तशी आहे.

रेडिओचा प्रश्न आता कुणालाच नाही. २७ मेगाहर्ट्झच्या, चॅनेल ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या जोड्या आणि 'तुझा चॅनेल कोणता रे भो?' हे सगळं २.४ गिगाहर्ट्झने मिटवलं, आणि नवा रिसीव्हर जुन्या गाडीत आरामात बसतो. स्पीड कंट्रोलचंही तेच. जुन्या गाडीत सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, एक पट्टी तांब्याच्या टिकल्यांवरून सरकवतो आणि कमी वेगाला जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. मे महिन्यात तो रेझिस्टर हाताला लागला की कळतं. टिकल्यांवर माती बसली की गाडी धक्के देत चालते. पण ते काढून इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लावणं तासाभराचं काम आहे. नव्या संचात तो येतो की नाही, हे मात्र घेण्याआधी विचारा, देशागणिक संच बदलतो. बॅटरीची खोबण दोन्हींत जुन्या गोल कडांच्या पॅकच्या मापाची आहे. चौकोनी कवचाची लिथियम बॅटरी घेण्याआधी माप घ्या, आणि ती उन्हाळ्यात कारच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा डिकीत काय होत असेल ते सांगायला नको.

टायरचंही आता अडत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेलं रबर तडकतंच, पण नवे टायर जुन्या रिमवर बसतात. खरं तर नव्या आवृत्तीने सर्वांत मोठे उपकार केले ते जुन्या गाडीवर. बहुतेक सुटे भाग एकाचे दुसऱ्याला चालतात. एवढं वाचून कुणीही म्हणेल, मग जुनीच काढावी, नव्याला पैसे कशाला? मीही बराच काळ हेच म्हणत होतो.

माझं मत फिरलं ते आट्यांमुळे.

आपल्याकडे रेस कुठे होते, तर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रोटाव्हेटर फिरवलेल्या रानात. माघापासून वैशाखापर्यंत असं रान कुणी ना कुणी देतंच. ट्रॅक आखायला ठिबकच्या टाकाऊ नळ्या, त्यांना जळगाव जिल्ह्यात तोटा नाही. पण काळ्या मातीचा वाळून झालेला फुफाटा हा नदीच्या वाळूपेक्षा वेगळा प्रकार आहे. गिरणेच्या पात्रातली वाळू ब्रशने झटकली की जाते. फुफाटा पिठासारखा बारीक, तो गिअरबॉक्सच्या सांध्यातून आणि धुऱ्याच्या कडेने आत शिरतो आणि ग्रीसमध्ये कालवला जातो. दोन-तीन बॅटऱ्या पळवल्या की आतलं ग्रीस ग्रीस राहत नाही, दात घासणारी काळी लुगदी होते. बाहेरून फुंकर मारून उपयोग नाही. गिअरबॉक्स उघडून पेट्रोलने दातेरी चाकं धुवायची, नवं ग्रीस थोडंसंच लावायचं आणि पुन्हा बंद करायचा. प्रत्येक रेसनंतर.

आणि तो बंद होतो प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे स्वतः पाडणाऱ्या स्क्रूंनी. प्लास्टिक ताजं असतं तेव्हा तो स्क्रू घट्ट धरतो आणि पुष्कळ उघडझाप सोसतो. पण चाळीस वर्षांचं, खान्देशातले तितकेच उन्हाळे पत्र्याखाली काढलेलं प्लास्टिक कोरडं पडलेलं असतं. स्क्रू काढला की त्याच्या नक्षीत पांढरी भुकटी येते, तेच आटे. यात बनवणाऱ्याचा दोष नाही. चार दशकांनी कुणी ती भोकं दर रविवारी उघडेल असा हिशेब कुणी करणार नाही. पण माझ्या जुन्या गाडीचं व्हायचं असं, की एक स्क्रू नुसता फिरायला लागला की गिअरबॉक्सच्या दोन्ही अर्ध्यांत केसभर फट पडते, उडीवरून गाडी खाली आदळली की मोटरच्या जोराने ती फट उघडते, आणि आतून कटकट असा आवाज येतो. दाते एकमेकांवरून घसरतात. त्याच फटीतून फुफाटा दुप्पट आत. मग पुन्हा उघडा, पुन्हा एक आटा गमवा.

यावर इलाज आहेत, आणि ते मी केलेत. स्क्रू घालताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक् करून बसला की मगच आवळायचा. हे नव्या गाडीलाही लागू आहे, हाताला सवय लावून घ्या. भोकात फेविक्विक आणि खायचा सोडा घालून ते भरून नव्याने आटे पाडता येतात. किंचित जाड स्क्रू चालतो, पण एकदाच, त्यानंतर भोकाचा काठच तडकतो. गिअरबॉक्सचे नवे अर्धे आणून जुन्या गाडीत लावले तर उत्तम चालतात. मग पुढच्या दांड्यांच्या बैठकीची भोकं जातात, मग बंपरची. एकेक करत जुन्या गाडीत जुना असा फक्त टब, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, उरतो, आणि नेमकी त्याचीच भोकं सर्वांत वाईट.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सावलीला बसून स्क्रूमागे लागलेल्या माणसाला रेस दिसत नाही. मला निदान दिसत नव्हती. नवी आणल्यापासून मी त्या वेळात चहा पितो.

मग जुनीचा काही उपयोग नाही का? आहे की. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, खळ्यासारख्या टणक जागेवर किंवा शाळेच्या मैदानात पळवणार असाल तर जुनीच पळवा. तिथे गिअरबॉक्स उघडायची पाळी फारशी येत नाही आणि बाकी सगळ्या बाबतींत ती नवीला हार जात नाही. शिवाय जमलेली मंडळी तिच्याभोवतीच गोळा होतात, हेही खरं. खोक्यासकट, माहितीपुस्तकासकट असेल तर तिला चांगली किंमत येऊ शकते. ती रोज फुफाट्यात घालून ती किंमत का घालवायची, असंही वाटतं.

गाडी हॉर्नेट नसून दुसरी असेल तर हिशेब थोडा बदलतो. फ्रॉगच्या बाबतीत तर मी जुनीचा आग्रह अजिबात धरणार नाही. १९८३ च्या मूळ फ्रॉगमध्ये चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची टोकं षटकोनी आहेत, ती कोपऱ्यांवर झिजून गोल होतात आणि मोटर फिरते पण चाक ढिम्म. नव्या आवृत्तीत तिथे पिन असलेल्या साध्या दांड्या दिल्या आहेत, ही खरोखरची सुधारणा. क्योशो या दुसऱ्या कंपनीची ऑप्टिमा देखणी आहे, पण साखळीवर चालणारी गाडी कपाशीच्या रानात घालायला माझा जीव धजत नाही. रानात राहिलेला कापूस साध्या धुऱ्यालाही गुंडाळला जातो, साखळीचं काय होईल ते ज्याने त्याने ठरवावं. असोसिएटेड कंपनीची आरसी१० म्हणजे सोनेरी ॲल्युमिनियमच्या टबाची, १९८५ च्या अशा बग्ग्यांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्ह गटात जिंकलेली गाडी. ती ज्याच्याकडे आहे त्याला सल्ल्याची गरज नसावी.

नवी हॉर्नेट घेणार असाल तर जुळवतानाच धुऱ्यांभोवतीचे प्लास्टिकचे बुश बाजूला ठेवून बेअरिंग बसवा. ११५० म्हणून ओळखलं जाणारं बेअरिंग आत ५, बाहेर ११ आणि रुंदीला ४ मिलिमीटर असतं. माप सांगितलं तर एमआयडीसीकडच्या बेअरिंगच्या दुकानात मिळायला हरकत नाही, दोन्ही बाजूंनी रबरी झाकणाचं मागा. नंतर बसवू म्हटलं की त्यासाठी गिअरबॉक्स एकदा जास्त उघडावा लागतो. स्क्रूड्रायव्हर जपानी मापाचा घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला साधा चौफुली स्क्रूची डोकी खातो. जोरदार मोटरचा मोह पहिलं वर्ष तरी टाळा. आमच्यातल्या एकाने जुळवल्या दिवशीच ब्रशलेस मोटर लावली, तेव्हा रानाच्या मालकाने बांधावरूनच सांगितलं, "आधी सरळ तर पळव भो, मग जोरात पळवजो."