पोस्टएसआरएसडी: फॉरवर्डिंगच्या सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

आमच्या संस्थेच्या डोमेनवरचे बहुतेक पत्ते सभासदांच्या जीमेल खात्यांकडे फॉरवर्ड होतात. मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ नोंदीत (त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांची यादी) आमच्या सर्व्हरचा आयपी नसतो, त्यामुळे पुढे गेलेल्या मेल अडायच्या. त्यासाठी आमच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला पोस्टएसआरएसडी हे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून देणारं सॉफ्टवेअर जोडलं. ते पाठवणाऱ्याचा पत्ता 'एसआरएस०=हॅश=तारखेची खूण=मूळ डोमेन=मूळ नाव' असा करून पुढे आमचं डोमेन लावतं. एसपीएफ पास होतं आणि बाउन्स (मेल न पोचल्याची सूचना) परत आला की तो उलगडून मूळ माणसाकडे जातो. हे काम ते चोख करतं.

खरा त्रास वेगळाच निघाला. सभासदांना 'फ्रॉम'मध्येच तो लांबलचक पत्ता दिसू लागला आणि बँकांच्या मेल तर थेट नाकारल्या जाऊ लागल्या. जीमेलमध्ये मूळ संदेश उघडून रिटर्न-पाथ (एन्व्हलपवरचा पत्ता, बाउन्स जिथे परत येतो तो) आणि फ्रॉम (हेडरमधला, वाचणाऱ्याला दिसतो तो) शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा दोन्ही बदललेले होते. बदलायला हवा फक्त पहिला. पोस्टफिक्सची सेंडर कॅनॉनिकल क्लासेस ही सेटिंग मुळातच एन्व्हलप आणि हेडर दोन्हींना लागू असते. फ्रॉम बदलला की डीकेआयएमची सही (मूळ डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही) मोडते, आणि ज्या डोमेनचं डीएमएआरसी धोरण (फ्रॉममधल्या डोमेनशी एसपीएफ किंवा सही जुळली नाही तर मेलचं काय करायचं ते) 'रिजेक्ट' आहे त्यांची मेल संपलीच. तिथे फक्त 'एन्व्हलप_सेंडर' ठेवा. एन्व्हलपचा पत्ता बदलल्याने डीएमएआरसीला काहीही मदत होत नाही, तिथे मूळ सहीच वाचवते. मजकूर बदलला तरी ती मोडते, म्हणून मेलच्या मजकुराला तळटीप वगैरे जोडणं आम्ही बंद केलं.

एक खटकणारी गोष्ट अजून तशीच आहे. मेल बाहेर जाणार की इथल्याच पेटीत पडणार हे ठरण्याआधीच पत्ता बदलतो, त्यामुळे स्थानिक पेट्यांतही रिटर्न-पाथ बदललेला दिसतो. सीव्हचे (आलेली मेल आपोआप वेगवेगळी लावणाऱ्या फिल्टरचे) एन्व्हलपवर बेतलेले नियम त्यामुळे चालेनासे झाले; ते फ्रॉम हेडरवर आणावे लागले. आपली स्वतःची डोमेन वगळण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी भरावी.

सर्व्हर हलवताना, पत्त्यातला हॅश ज्यावरून बनतो त्या गुप्त किल्लीची फाइल सोबत न्यायलाच हवी. किल्ली बदलली की आधीच्या पत्त्यांवर येणारे बाउन्स हॅश जुळत नाही म्हणून नाकारले जातात. पोस्टएसआरएसडी १.x वरून २.x वर जाताना पोस्टफिक्समधल्या १०००१ आणि १०००२ पोर्टच्या जुन्या ओळी काढून सॉकेटमॅपच्या (दोघांना जोडण्याची नवी पद्धत) घालाव्या लागतात.

आणि स्पॅम फॉरवर्ड होण्याआधीच गाळा. आता तो तुमच्या डोमेनच्या नावाने पुढे जातो.